बिनतळणीचा आलूबोंडा

आमच्या गल्लीत सकाळी शिट्टी वाजली की बायका गॅसकडे धावत नाहीत, आधी खिडकीतून बाहेर डोकावतात. शिट्टी कुकरची की शांता मॅडमची, हे नुसतं ऐकून कळत नाही. कुकरची असली तर वरण शिजलं. मॅडमची असली तर त्यांचे बोंडे शिजले आणि आता ते खायची पाळी कोणावर तरी येणार.

शांता मॅडम म्हणजे सौंसरच्या मुलींच्या शाळेतल्या आमच्या पीटीच्या मॅडम. आईबापांनी शांता नाव ठेवलं ते पाळण्यात असताना, आवाज कळायच्या आधी. त्यांनी मैदानावर "सावधान!" म्हटलं की शेजारच्या तहसील कचेरीतले बाबूसुद्धा खुर्चीत सरळ बसत, असं आम्ही मुली सांगायचो. मॅडम रिटायर झाल्या, पण शिट्टी काही रिटायर झाली नाही. आजही फिक्या रंगाची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात, इतर बायकांच्या मंगळसूत्राच्या जागी, काळ्या दोरीतली शिट्टी. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही हे विचारायची हिंमत कोणाची झाली नाही. विचारलं असतं तर मैदानाला चक्कर मारावी लागली असती.

मी त्यांची विद्यार्थिनी, आणि लग्नानंतर नशिबाने त्यांची शेजारीण. शाळेत असताना एकदा गेटबाहेरच्या ठेल्यावरून मी आलूबोंडा घेतला होता. पहिला घास घ्यायच्या आत मागून हात आला आणि बोंडा गेला.

"वंदे, हे काय खाऊन राहिली?"

"मॅडम, भूक लागली होती."

"भूक लागली तं चणे खा. बहाणे बंद! पीछे मुड! मैदानाची चक्कर!"

मी पळत होते आणि डोळ्यांसमोर तो बोंडा होता. तेव्हापासून माझी पक्की समजूत होती की जगात मॅडमचा एकच शत्रू आहे, आणि तो बेसनात बुडवून तळलेला असतो. म्हणून मागच्या हिवाळ्यात त्या माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वंदे, आलू उकडला हे कसं समजते?" तेव्हा मला वाटलं, हा परीक्षेचा प्रश्न आहे आणि उत्तर चुकलं तर चक्कर आहे.

पण त्यांना खरंच माहीत नव्हतं. शांता मॅडमच्या घरात चहापलीकडे कधी काही शिजलंच नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंकडून दोन वेळचा डबा यायचा. मॅडम तो दारातच उभ्याने उघडून पाहत, "ठीक आहे" म्हणत आणि पाच-दहा मिनिटांत धुऊन परत देत. जेवण हे त्यांच्या लेखी दात घासण्यासारखं काम होतं. अशी बाई या वयात विचारते आलू उकडला हे कसं समजते!

"सुरी टोचून पाह्यची मॅडम. सहज गेली तं झाला."

"आन जास्त झाला तं?"

"तं मग पाणी धरते. बोंडा फुटते."

"बोंडा?" मॅडम दचकल्या. "तुले कोणं सांगितलं बोंडा करून राहिली म्हणून?"

कोणी सांगितलं नव्हतं. मी आपलं बोलून गेले होते, आणि मॅडमना कबूल करावं लागलं. पण अशा रीतीने गल्लीला बातमी कळली की शांता मॅडम आलूबोंडा करणार आहेत, आणि तोही तेलात न तळता.

मॅडमनी कोणतीही गोष्ट अर्धवट केलेली नाही. आधी त्यांनी शत्रूचा अभ्यास केला. बसस्टँडजवळ मुन्नाभाऊचा बोंड्यांचा ठेला आहे. मॅडम रोज सकाळी तिथे जाऊन हाताची घडी घालून उभ्या राहू लागल्या. काही घ्यायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं कढईकडे पाहायचं. मुन्नाभाऊची बायको मॅडमच्याच हाताखालून गेलेली. तिने घरी काय काय सांगितलं असेल कोण जाणे, पण तो बिचारा घामाघूम व्हायचा.

"मॅडम, तेल ताजं आहे. आत्ताच पाकीट फोडलं."

"मी काही इचारलं का?"

"नाही. पण सांगून ठेवतो."

"हात धुतले का?"

मुन्नाभाऊने तेव्हाच्या तेव्हा हात धुतले. पुढचे काही दिवस त्याच्या ठेल्याइतकी स्वच्छ जागा सौंसरमध्ये दुसरी नव्हती. गिऱ्हाईक वाढलं. मॅडम दिसल्या नाहीत की तोच विचारायचा, "आज तब्येत ठीक नाही का मॅडमची?"

मग प्रयोग सुरू झाले. पहिले बोंडे त्यांनी इडलीसारखे वाफवले. ते रंगाने पिवळे आणि अंगाने ओले होते, बोटाने दाबले की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. माझ्या नवऱ्याने, गजाननने, एक तोंडात टाकला आणि बराच वेळ तो नुसता इकडून तिकडे फिरवत बसला.

"कसा आहे?" मॅडमनी विचारलं.

"पवित्र आहे," गजानन म्हणाला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी ते कोरड्या तव्यावर भाजले, वर वजन ठेवून. त्यातला एक हातातून निसटून फरशीवर पडला आणि टणकन आवाज करत मोरीपर्यंत गेला. मॅडमनी तो उचलला, तळहातावर तोलून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "बोंडा नाही झाला. गोळाफेकीचा गोळा झाला."

हसायला मुभा आहे की नाही ते कळेना. मी मोरीकडे पाहत राहिले.

नुसतं चाखून सुटका नसायची. मॅडमचं म्हणणं, "जीभ खोटं बोलते, पोट खरं सांगते." म्हणून बोंडा खाल्ला की शिट्टी. शिट्टी झाली की चाखणाऱ्याने गल्लीच्या टोकापर्यंत भराभर चालत जायचं आणि परत यायचं. मग मॅडम विचारणार, "जड वाटून राहिलं का? ढेकर आली का? कशाची आली, लसणाची का बेसनाची?" समोरचे रिटायर्ड पोस्टमास्तर या चाचणीला भिऊन सकाळी लवकर देवळात जायला लागले. गजानन मागच्या दाराने ऑफिसला जाऊ लागला. सगळी गल्ली बोंड्यांमुळे तंदुरुस्त झाली, पण ते खाऊन नव्हे, चुकवून.

मी मात्र चुकवू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर चुकवावंसंही वाटेना. मॅडम शिकत होत्या ते पाहण्यासारखं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेली बाई माझ्या ओट्याजवळ उभी राहून, "पुन्हा दाखव" म्हणायची. कांदा चिरताना बोट कापलं तर चिंधी बांधून पुन्हा सुरी उचलायची. डोळ्यांतून पाणी वाहत असताना म्हणायची, "शरीर ऐकते वंदे. सांगणारा पायजे." सांबार निवडताना (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) त्या प्रत्येक काडी अशी पाहत जणू संघ निवडून राहिल्या आहेत. मैदानावर ज्यांना मी कधी चुकताना पाहिलं नव्हतं, त्या बेसनात पाणी जास्त झालं म्हणून खाली मान घालून उभ्या राहायच्या.

आप्पेपात्र मीच सुचवलं. लोखंडी जड आप्पेपात्र, प्रत्येक खळग्यात थेंबभर तेल. मॅडमनी ते नागपूरहून मागवलं आणि त्यानंतर गाडी रुळावर आली. आलू पाण्यात न उकडता वाफेवर. आल्याची, लसणाची आणि हिरव्या मिरचीची गोळी खलबत्त्यात कुटलेली, कारण मिक्सरमध्ये तिचं पाणी होतं. बेसनात मूठभर ज्वारीचं पीठ आणि हातावर चोळलेला ओवा. सारणात वाफवलेले मटार. पीठ इतकं घट्ट की बोंड्याला नुसता अंगरखा चढावा. मग झाकण ठेवून मंद आच, उलटून पुन्हा मंद आच, आणि शेवटी झाकण काढून मोठी आच, म्हणजे वरचा पापुद्रा कुरकुरीत होतो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शिट्टी वाजली. गजानन मागच्या दाराशी पोचला होता, तेवढ्यात मॅडमच पुढच्या दाराने ताटली घेऊन आत आल्या. तो सापडला. त्याने डोळे मिटून एक बोंडा तोंडात टाकला. कुर्रकन आवाज झाला. त्याने डोळे उघडले.

"मॅडम, आणखी एक आहे का?"

मी पण खाल्ला. आत गरम, मऊ, लसणाचा आणि मिरचीचा झणका, बाहेर खरपूस. ठेल्यावरचा नव्हता, पण ठेल्यावरच्याचा सख्खा भाऊ होता. हाताला तेल नाही, ढेकर नाही. मला वाटलं, आता मॅडम शिट्टी फुंकून गल्ली गोळा करतील. पण त्या तशाच उभ्या होत्या.

"वंदे, मीठ आणखी किती कमी करता येईन?"

"मॅडम, आधीच कमी आहे. आणखी कमी केलं तं चव जाईन."

"लिंबू पिळून पाह्यतो. आमचूर टाकून पाह्यतो. पण मीठ कमी कराच लागते." मग म्हणाल्या, "उद्या रविवार आहे ना? पांढुर्ण्याले चाल माझ्यासंग."

दुसऱ्या दिवशी आम्ही पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसलो. मॅडमच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत आप्पेपात्र, पिठाचा डबा, सारणाचा डबा. तयार बोंडे डब्यात मऊ पडतात, म्हणून तिथेच जाऊन करायचे. बाहेर संत्र्याच्या बागा मागे जात होत्या. मी विचारलं, "मॅडम, कोणाकडे चाललो आपण?"

"पुष्पीकडे."

पुष्पा मॅडम म्हणजे आमच्या शाळेतल्या गाण्याच्या मॅडम. शांता मॅडम जितक्या कडक तितक्या त्या मऊ. दोघी एकाच वर्षी शाळेत लागल्या होत्या. पुष्पा मॅडमचे यजमान लवकर गेले, मुलाला त्यांनी एकटीने वाढवलं. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मुलगा अमोल त्यांना सौंसरहून पांढुर्ण्याला घेऊन गेला. एवढं मला माहीत होतं. पुढचं मॅडमनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं.

"जेवतच नाही ती. तळलेलं बंद, मीठ कमी. ते ठीक आहे, डॉक्टर सांगते ते ऐकावं लागते. पण दोन घास खाते आन ताट सरकवते. अमोलची बदली झाली जबलपूरले. पुष्पी म्हणते, मले नाही जायचं इतक्या दूर. मी अमोलले म्हटलं, माझ्याकडे ठेव. तं तो हसला. म्हणे, मावशी, तुम्ही तं सोता डब्यावर जगता. आईचं पथ्यपाणी कोण करन?"

"मग?"

"मंग काय? खरंच बोलला पोरगा. मले आलू उकडला हे समजत नव्हतं."

इतके महिने गल्लीने जे हसण्यावारी नेलं होतं, ते पिशवीत घालून ही बाई मांडीवर घेऊन बसली होती.

"आज विचारणार का अमोलला?" मी म्हटलं.

"पाहू," मॅडम म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

अमोलच्या घरी सामानाची बांधाबांध सुरू होती. दार त्यानेच उघडलं, पाया पडला, सून पाणी घेऊन आली. पुष्पा मॅडम आतल्या खोलीत पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. किती वाळल्या होत्या! शेजारी ताट होतं, त्यात पोळीचा तुकडा आणि दुधीची भाजी तशीच. शांता मॅडम दारातून म्हणाल्या, "पुष्पे, आली मी." पुष्पा मॅडम हसल्या, पण उठल्या नाहीत. शांता मॅडमनी ताटाकडे एकदा पाहिलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

"सूनबाई, गॅस पायजे थोडा वेळ. वंदे, लसूण कूट."

मी कुटायला घेतलं. आप्पेपात्र तापलं. मॅडमच्या हातून पहिल्या बोंड्याचं पीठ खळग्याबाहेर सांडलं. त्यांनी ते पुसलं आणि दुसरा टाकला. लसणाचा, ओव्याचा वास घरभर पसरला. थोड्या वेळाने मागून आवाज आला.

"शांते, बोंडा करून राहिली का तू?"

पुष्पा मॅडम भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या होत्या. अमोल मागे धावला. "आई, अगं हाक मारायची ना!"

"गप रे. कुरकुर वाजून राहिलं, ऐकू दे."

त्यांना खुर्ची दिली. ताटलीत पहिले चार बोंडे पडले. पुष्पा मॅडमनी एक उचलला, फुंकला, खाल्ला. आम्ही सगळे बघत होतो. सूनसुद्धा हातातली सुतळी तशीच धरून उभी होती.

"मीठ कमी आहे."

"कमीच राहीन," शांता मॅडम म्हणाल्या. "बहाणे बंद. लिंबू घे वरून."

पुष्पा मॅडमनी लिंबू पिळून दुसरा खाल्ला. मग म्हणाल्या, "रामाकोन्यासारखा लागत नाही."

शांता मॅडम एकदम माझ्याकडे पाहून लाल झाल्या.

"रामाकोना?" मी विचारलं.

"तुले माहीत नाही?" पुष्पा मॅडमच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "शनिवारी शाळा सुटली की तुझ्या मॅडम मले बसमध्ये घालून रामाकोन्याले नेत. तिथल्या स्टॉपवर बोंडे खायचे, वरून झणझणीत तर्री टाकून. सौंसरात खाल्ले तं पोरी पाहतीन ना! एकदा तिथंच आपल्या शाळेतली एक पोरगी निघाली, तं ही बोंडा तोंडात ठेवून झाडामागं!"

"पुष्पे!"

"आन तोंड भरलेलं, तं शिट्टी बी वाजवता येईना!"

आधी सून हसली, मग अमोल, मग मी. मैदानाची ती चक्कर मी त्या क्षणी माफ केली. पुष्पा मॅडम हसता हसता तिसरा बोंडा घेऊन बसल्या होत्या आणि अमोल आईच्या हाताकडे पाहत होता. त्याने स्वतः एक खाल्ला, मग सावकाश म्हणाला, "मावशी, छान झालाय. खरंच. पण बोंड्यावर माणूस जगत नाही ना."

शांता मॅडमनी गॅस बंद केला. मग सरळ उभ्या राहिल्या, हात दोन्ही बाजूंना, शाळेत प्रार्थनेला उभ्या राहायच्या तशा.

"मुगाची खिचडी येते मले आता. ज्वारीची भाकर येते, थोडी जाड होते. फोडणीचं वरण, कमी तेलाचं. पालक, मेथी, दोडक्याची भाजी. दलिया. ताक. सकाळी लापशी. आन तिच्या गोळ्या कोणत्या कधी द्यायच्या, ते सूनबाईकडून समजून घेतलं मी. फोनवर."

मी सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली. भाकरी, खिचडी, भाज्या, हे सगळं मॅडम कधी शिकल्या? माझ्याकडे नाही. भिंतीपलीकडे, एकटीने, कोणाला न बोलावता, शिट्टी न वाजवता.

पण पुढचा प्रश्न त्यांच्याने विचारवेना. अख्खी शाळा एका शब्दावर फिरवणारी बाई हातातल्या चमच्याकडे पाहत उभी राहिली. शेवटी पुष्पा मॅडमच बोलल्या.

"शांते, तुझ्या घरी जागा आहे का ग माझ्यासाठी?"

"आहे ना," मॅडम म्हणाल्या. इतका हळू आवाज, की अमोलने पुढे वाकून ऐकला.

त्याने डॉक्टरकडे कोण नेईल, रात्रीअपरात्री काही झालं तर काय, असं सगळं विचारलं. मी म्हटलं, आमची भिंत लागून आहे, गजाननकडे गाडी आहे, मी आहे. मग तो आईकडे वळला. "आम्ही जबलपूरला नीट बसेपर्यंत राहा. मी येऊन पाहीन. वजन कमी झालेलं दिसलं तर उचलून नेईन, सांगून ठेवतो."

"वजन वाढन," पुष्पा मॅडम म्हणाल्या आणि चौथा बोंडा उचलला. शांता मॅडमनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आज इतकंच."

परतीच्या बसमध्ये मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं थकल्या असतील. सौंसर जवळ आलं तेव्हा एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "वंदे, बजारात उतरू. घरात एकच उशी आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या घरात रात्री दुसरं कोणी झोपलंच नव्हतं. मी भिंतीपलीकडे राहत होते आणि हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

गादीवाल्याच्या दुकानात त्याने उशांची चळत पुढे टाकली. "मऊ पाहिजे का कडक, मॅडम?"

मॅडमनी एक दाबून पाहिली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली. दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मॅडम तिथेच उभ्या.

"तिले कशी लागते, माहीतच नाही मले," त्या म्हणाल्या. "सगळं माहीत आहे तिचं. हे कधी इचारलं नाही."

"फोन लावून विचारू?"

"तूच इचार," मॅडम म्हणाल्या. "माझ्यानं नाही होत."

मी फोन लावला. तिकडे घंटी वाजत होती, आणि इकडे शांता मॅडम कडक आणि मऊ अशा दोन्ही उशा छातीशी धरून, आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या.